टाइमलाइन लाल, 'मीडिया ऑफलाइन': काय तपासायचं, कोणत्या क्रमाने, आणि कुठे थांबायचं

लग्नाचे व्हिडिओ, शाळेची स्नेहसंमेलनं, यूट्यूबवरची कीर्तनं. काम कुठलंही असो, एडिटिंगच्या मशीनवर मला बोलावणं येतं ते बहुतेक वेळा एकाच बिघाडासाठी. फक्त तो सांगितला जातो वेगवेगळ्या शब्दांत. म्हणून आधी लक्षणं:

- प्रोजेक्ट उघडताच 'फाइल कुठे आहे' असं विचारणारी विंडो येते आणि टाइमलाइनवर क्लिपच्या जागी लाल फ्रेम दिसते.
- कॅमेऱ्याचं फुटेज दिसतं, पण गाणी, लोगो आणि व्हॉट्सॲपवरून आलेले फोटो गायब असतात.
- रीलिंक केल्यावर, म्हणजे हरवलेली फाइल कुठे आहे ते दाखवून दिल्यावर लाल रंग जातो, पण हळदीच्या जागी रिसेप्शन दिसतं.
- सी ड्राइव्ह भरल्याचा संदेश येतो आणि एक्सपोर्ट अर्ध्यात थांबतो.
- 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नवीन' अशा प्रोजेक्ट फाइली पडलेल्या असतात आणि ग्राहकाने पास केलेली कोणती, हे कोणालाच सांगता येत नाही.
- दुसऱ्या मशीनवर मराठी टायटलच्या जागी इंग्रजी अक्षरांची गिचमिड येते.

यातली बहुतेक लक्षणं एकाच मुळाशी जातात. प्रोजेक्ट फाइलमध्ये फुटेज नसतं. कोणता ड्राइव्ह, कोणता फोल्डर, कोणतं नाव, एवढा पत्ता आणि तुमचे कट तिच्यात असतात. १०० एमबीपीएसने शूट केलेलं फोरके फुटेज तासाला साधारण ४५ जीबी जागा घेतं. त्यावर केलेल्या कामाची प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल मात्र अनेकदा काही एमबीचीच असते. ती पेनड्राइव्हवर नेली म्हणजे प्रोजेक्ट नेला असं होत नाही. आणि पत्त्यातला एक शब्द जरी बदलला तरी सॉफ्टवेअरच्या दृष्टीने फाइल हरवलेली असते, मग ती शेजारच्याच फोल्डरमध्ये का असेना. गाणं डाउनलोड्समधून ओढलं, लोगो डेस्कटॉपवरून, फोटो पेनड्राइव्हवरून, तर त्या प्रत्येकाचा पत्ता वेगळा. डेस्कटॉप साफ केला की लोगो गेला. पेनड्राइव्ह मालकाने परत नेला की फोटो गेले.

सगळ्यात आधी: प्रोजेक्ट फाइलची कॉपी

काहीही दुरुस्त करण्याआधी प्रोजेक्ट फाइलची एक कॉपी करून बाजूला ठेवा. याला पैसा लागत नाही आणि वेळही लागत नाही. पुढचे प्रयत्न फसले तरी मूळ स्थिती हातात राहते.

त्या घाईत दोन गोष्टी करू नका. लाल क्लिपा टाइमलाइनवरून डिलीट करू नका, कारण क्लिप लाल असली तरी तिचे कट, इफेक्ट आणि कलर करेक्शन शाबूत असतात आणि डिलीट केल्यावर ते सगळं जातं. दुसरं म्हणजे 'ऑफलाइन ऑल' दाबून पुढे जाऊन प्रोजेक्ट सेव्ह करू नका. त्याने फुटेजला काही होत नाही, पण पुढच्या वेळी सॉफ्टवेअर विचारायचं बंद होतं आणि किती फाइली गायब आहेत ते नजरेआड जातं.

ड्राइव्ह आणि त्याचं अक्षर

हार्डडिस्क जोडलेली आहे का, हा प्रश्न बाळबोध वाटतो. तरी तो पहिला विचारावा, कारण बऱ्याच वेळा उत्तर इथेच मिळतं. केबल सैल असते, किंवा हब एवढ्या डिस्कना पुरेशी वीज देत नाही. डिस्क थेट मशीनच्या पोर्टला लावून बघा.

डिस्क दिसत असेल तर तिचं अक्षर बघा. विंडोजमध्ये बाहेरच्या डिस्कला कधी ई मिळतं, कधी एफ. मध्ये कोणी कार्ड रीडर लावला असेल तर सगळा क्रम सरकतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जुनं अक्षर परत दिलं की लाल टाइमलाइन एका झटक्यात पूर्ववत होते. माझा सल्ला असा की कामाच्या डिस्कला कायमचं एक लांबचं अक्षर देऊन टाका, डब्ल्यू किंवा एक्स. पेनड्राइव्ह आणि कार्ड तिथपर्यंत सहसा पोचत नाहीत. मॅकवर अक्षराऐवजी डिस्कचं नाव चालतं. तिथे 'अनटायटल्ड' नावाच्या दोन डिस्क एकदम जोडल्या तर दुसरीच्या पत्त्यापुढे आकडा लागतो आणि तोच घोळ होतो. प्रत्येक डिस्कला वेगळं नाव द्या आणि तेच नाव तिच्या अंगावर स्टिकर लावून लिहा.

डिस्क गावोगाव फिरत असेल, स्टुडिओ एका तालुक्यात आणि एडिटर दुसऱ्या शहरात, तर दोन्हीकडे तेच अक्षर ठेवायचं ठरवून घ्या. जॉबवर्क करणाऱ्यांचा निम्मा त्रास त्याने वाचतो.

नाव बदललं का, जागा बदलली का

फोल्डरचं 'न्यू फोल्डर' हे नाव बदलून कोणीतरी चांगल्या मनाने 'पाटील लग्न' केलं, एवढ्यानेही सगळं ऑफलाइन होतं. प्रीमियरच्या लिंक मीडिया विंडोत गायब फाइलचा जुना पत्ता दिसतो. तो नीट वाचा, लिहून घ्या आणि त्या नावाची फाइल डिस्कवर शोधा.

सापडली तर लगेच रीलिंक करू नका. आधी फाइल किंवा फोल्डर जुन्या जागी, जुन्या नावाने ठेवता येतो का ते बघा. पत्ता पुन्हा जुळला की त्या फोल्डरमधल्या सगळ्या क्लिपा आपोआप परत येतात आणि चुकीची फाइल जोडली जाण्याचा धोका उरत नाही. रीलिंक म्हणजे नवा पत्ता लिहून देणं. ते दुसऱ्या क्रमांकाला.

रीलिंक, आणि सारख्या नावांचा धोका

या पायरीवर जरा थांबून बोलतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होताना पाहिलं आहे.

एक फाइल दाखवून दिली की बाकीच्या शोधायचं काम प्रीमियर स्वतः करतो. त्यासाठी 'रीलिंक अदर्स ऑटोमॅटिकली' वर टिक असावी. रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये बिनमधल्या (प्रोजेक्टच्या आतल्या फोल्डरमधल्या) क्लिपा निवडून राइट क्लिक करा आणि 'रीलिंक सिलेक्टेड क्लिप्स' घ्या. सोय उत्तम आहे, पण ओळख पटवायला ती मुख्यतः नाव बघते. आणि कॅमेरे नावं पुन्हा पुन्हा तीच देतात. अनेक सोनी कॅमेऱ्यांत नव्या किंवा फॉरमॅट केलेल्या कार्डावर मोजणी परत सी०००१ पासून सुरू होऊ शकते. दोन कॅमेरे आणि तीन कार्यक्रम असतील तर एकाच लग्नात सी०००१ नावाच्या सहा वेगवेगळ्या फाइली तयार होतात. सॉफ्टवेअरला त्यातली जी आधी सापडेल ती जोडली जाते. लाल रंग जातो, सगळे सुटकेचा श्वास घेतात, आणि मंगलाष्टकांच्या जागी जेवणाच्या पंगतीचं फुटेज ग्राहकाकडे जातं.

म्हणून रीलिंक नेहमी एकेका कार्डाच्या फोल्डरपुरता करा, अख्ख्या डिस्कवर कधीच सोडू नका. प्रीमियरच्या विंडोत 'मीडिया स्टार्ट' वरही टिक करा. मग नावासोबत क्लिपचा सुरुवातीचा टाइमकोडही (फ्रेमसोबत नोंदलेली वेळ) जुळवला जातो. शेवटी टाइमलाइन वेगाने का होईना, पण पूर्ण चालवून बघा. लाल फ्रेम नाही याचा अर्थ बरोबर फ्रेम आहे असा होत नाही.

यावरचा कायमचा इलाज कार्ड खाली करतानाच करायचा असतो. प्रत्येक कार्डाला वेगळा फोल्डर: तारीख, कार्यक्रम, कॅमेरा, कार्ड. उदाहरणार्थ '२०२५-०२-१४_हळद_कॅम ए_कार्ड १'. प्रत्यक्ष फोल्डरचं नाव रोमन अक्षरांत ठेवलेलं बरं, कारण काही जुनी प्लगइन देवनागरी नावांवर अडतात. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवला की नावानुसार लावलेले फोल्डर तारखेनुसारच लागतात. फाइलींची नावं मात्र बदलू नका. कार्डावरचा सगळा फोल्डर आहे तसा उचला. एव्हीसीएचडी या रेकॉर्डिंगच्या प्रकारात लांब रेकॉर्डिंगचे तुकडे होतात आणि ते कसे जोडायचे याची माहिती आजूबाजूच्या फोल्डरमध्ये असते. नुसत्या एमटीएस फाइली उचलल्या तर सांध्यावर आवाज तुटू शकतो. गोप्रोचंही लक्षात ठेवा. त्याच्या नावातले पहिले दोन आकडे तुकड्याचा क्रम सांगतात आणि शेवटचे चार व्हिडिओचा क्रमांक. त्यामुळे नावाने लावल्यावर एकाच व्हिडिओचे तुकडे लांब लांब पडतात.

फाइल जागेवर आहे, तरी लाल

ती व्हीएलसीमध्ये चालवून बघा. तिथेही चालत नसेल तर बहुधा कॉपी अर्धवट झाली आहे. कार्ड अजून फॉरमॅट केलं नसेल तर दोन्हीकडचा आकार ताडून बघा. व्हीएलसीत चालते आणि एडिटरमध्ये नाही, तर प्रश्न कोडेकचा, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीचा आहे. रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत काही १० बिट फाइली चालत नाहीत. अशा वेळी फाइल प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या कोडेकमध्ये बदलून घ्यावी लागते.

मोबाइलच्या फुटेजचा त्रास वेगळा. फाइल दिसते, पण ओठ आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून दूर जातात. मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये फ्रेम रेट 'व्हेरिएबल' दिसला तर हँडब्रेकमधून 'कॉन्स्टंट' करून घ्या आणि मगच इम्पोर्ट करा.

सी ड्राइव्ह भरतो तेव्हा

जागा कमी पडली की लोक घाबरून जे मोठं दिसेल ते उडवतात. तसं करू नका. आधी एवढंच ठरवा: ही फाइल पुन्हा तयार करता येते का?

मीडिया कॅश, प्रिव्ह्यू फाइली, रिझॉल्व्हचा 'कॅशक्लिप' फोल्डर, ऑप्टिमाइज्ड मीडिया, प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या प्रती) हे सगळं सॉफ्टवेअर मूळ फुटेजवरून परत बनवतं. ते काढलं तर पहिल्यांदा उघडताना वेळ लागेल, नुकसान होणार नाही. कार्डावरून आलेलं मूळ फुटेज, प्रोजेक्ट फाइली, ऑटोसेव्ह फोल्डर, वेगळ्या रेकॉर्डरवरचा आवाज आणि ग्राफिक्स यांना मात्र हात लावायचा नाही. ऑटोसेव्ह म्हणजे कचरा अशी अनेकांची समजूत आहे. मुख्य प्रोजेक्ट फाइल खराब होऊन उघडेनाशी होते तेव्हा त्याच फोल्डरमधली ताजी फाइल काम वाचवते.

कॅश साफ करायची तर सॉफ्टवेअरमधूनच करा. प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या 'मीडिया कॅश' मधून, रिझॉल्व्हमध्ये प्लेबॅक मेनूतल्या 'डिलीट रेंडर कॅश' मधून. कॅशची जागा बदलायची सोय प्रीमियरमध्ये तिथेच आहे, रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये. तो सी ड्राइव्हवर आपोआप बसतो, म्हणून सी भरतो. वेगळी छोटी एसएसडी कॅशसाठी ठेवलीत तर हा प्रश्न पुन्हा सहसा येत नाही.

रिझॉल्व्ह वापरणाऱ्यांसाठी एक सूचना कळकळीने देतो. तुमचा प्रोजेक्ट फुटेजच्या फोल्डरमध्ये फाइल म्हणून पडलेला नसतो. तो प्रोजेक्ट लायब्ररीत असतो आणि ती लायब्ररी तुम्ही वेगळं सांगितलं नसेल तर सी ड्राइव्हवर असते. मशीन हळू चालतं म्हणून कोणी विंडोज फॉरमॅट करून दिलं, तर फुटेज दुसऱ्या डिस्कवर सुरक्षित राहतं आणि सगळं एडिटिंग जातं. रोज काम संपलं की प्रोजेक्ट एक्सपोर्ट करून त्याची डीआरपी फाइल फुटेजशेजारी ठेवा. तिला जागा फारशी लागत नाही.

प्रोजेक्टच्या आतली गर्दी

बिन चार-पाच पुरतात: फुटेज कार्डांनुसार, आवाज, ग्राफिक्स, चालू टाइमलाइन, जुन्या टाइमलाइन. एकच गाणं तीन-चारदा इम्पोर्ट झालं असेल तर प्रीमियरच्या एडिट मेनूत 'कन्सॉलिडेट डुप्लिकेट्स' आहे. 'रिमूव्ह अनयूज्ड' जपून वापरा. ते डिस्कवरून काही पुसत नाही, पण टाइमलाइनवर नसलेली प्रत्येक क्लिप बिनमधून काढतं. हायलाइटसाठी निवडून ठेवलेल्या क्लिपाही त्यात जातात. काम पास झाल्यावरच ते वापरा.

आवृत्तीच्या नावात 'फायनल' हा शब्द नको. तारीख आणि क्रमांक लिहा, आणि ग्राहकाला पाठवलेल्या व्हिडिओ फाइलला तेच नाव द्या. मग 'परवा पाठवलेला तोच हवा' असा फोन आला की शोधाशोध करावी लागत नाही.

मराठी टायटलं बिघडली तर

इथे दोन वेगळे बिघाड आहेत. गिचमिड इंग्रजी अक्षरं दिसत असतील तर टायटल जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं आहे आणि तो फॉन्ट या मशीनवर नाही. मूळ मशीनवरून फॉन्ट आणा, किंवा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा. अक्षरं मराठीच आहेत पण जोडाक्षरं फुटली आहेत आणि वेलांट्या भलतीकडे आहेत, तर प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सखाली टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा. मुक्ता आणि बलू हे 'एक टाइप' या संस्थेचे फॉन्ट युनिकोडमध्ये आहेत आणि मोफत मिळतात. कोणताही फॉन्ट वापरा, पण त्याची फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवा. पत्रिकेतल्या नावाचं स्पेलिंग चुकलं तर ग्राहक एक वेळ समजून घेतो, पण पडद्यावर नवऱ्या मुलीचं नाव मोडकं दिसलं तर नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

सगळं एका घरात आणणं

हे मोठं काम आहे, म्हणून शेवटी. टाइमलाइन पूर्ण दिसायला लागली की प्रीमियरच्या फाइल मेनूतून 'प्रोजेक्ट मॅनेजर' उघडा आणि 'कलेक्ट फाइल्स अँड कॉपी टू न्यू लोकेशन' घ्या. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट मॅनेजरमधून 'एक्सपोर्ट प्रोजेक्ट आर्काइव्ह'. विखुरलेल्या फाइली एका फोल्डरमध्ये येतात. फॉन्ट मात्र स्वतः ठेवावे लागतात.

मग खरी परीक्षा. जुनी डिस्क काढा, पेनड्राइव्ह काढा आणि नव्या फोल्डरमधला प्रोजेक्ट उघडा. एक जरी फ्रेम लाल दिसली तरी काहीतरी मागे राहिलं आहे. ही परीक्षा झाल्याशिवाय जुनी जागा पुसू नका. नुसता फोल्डरचा आकार बघून समाधान मानू नका.

पुढच्या कामापासून उलट क्रमाने जा. आधी डिस्कवर कामाचा फोल्डर, त्यात फुटेज, आवाज, ग्राफिक्स, फॉन्ट, प्रोजेक्ट, एक्सपोर्ट. व्हॉट्सॲपवर आलेला लोगोसुद्धा आधी त्या फोल्डरमध्ये, मग टाइमलाइनवर. इम्पोर्ट झाल्यावर कोणाचंही नाव किंवा जागा बदलायची नाही. आणि मूळ फुटेज दोन वेगळ्या डिस्कवर पोचल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. रिझॉल्व्हच्या मीडिया पेजवर 'क्लोन टूल' आहे. ते कॉपी करताना चेकसमने (दोन्हीकडच्या डेटावरून काढलेला आकडा ताडून) पडताळणीही करतं, आणि मोफत आवृत्तीतही मिळतं.

इथे थांबा आणि तज्ज्ञ गाठा

डिस्कमधून टक-टक किंवा घासल्यासारखा आवाज येतो. डिस्क मिनिटभर दिसते आणि नाहीशी होते. विंडोज 'डिस्क फॉरमॅट करायची का' असं विचारतं. डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळा 'कॉशन' किंवा लाल 'बॅड' दाखवतं. यातलं काहीही दिसलं तर तो प्रश्न आता एडिटिंगचा राहिला नाही. पिवळा इशारा असेल आणि डिस्क व्यवस्थित वाचली जात असेल तर सगळ्यात महत्त्वाचे फोल्डर आधी दुसरीकडे घ्या आणि काम थांबवा. बाकी सगळ्या प्रसंगी डिस्क लगेच काढून ठेवा. चेकडिस्क (विंडोजची डिस्क-दुरुस्ती) चालवू नका, पुन्हा पुन्हा लावून बघू नका, उघडून तर अजिबात नाही. मरायला टेकलेल्या डिस्कवर केलेला प्रत्येक प्रयत्न उरलेला डेटा कमी करतो.

फाइली चुकून डिलीट झाल्या असतील तर त्या कार्डावर किंवा डिस्कवर एकही नवी फाइल जाऊ देऊ नका. कार्डासाठी फोटोरेकसारखा प्रोग्रॅम आधी वापरून बघता येतो, पण मिळालेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर साठवायच्या. आतल्या एसएसडीवरून पुसलेलं बहुतेकदा परत येत नाही, कारण ट्रिम या एसएसडीच्या सोयीमुळे रिकामे झालेले ब्लॉक ड्राइव्ह स्वतःच साफ करतो. लग्नाचं एकमेव फुटेज असेल तर तिथे प्रयोग नकोत. सरळ डेटा रिकव्हरीवाल्याकडे जा.

जाताना कोणत्या तारखेचे, कोणत्या कार्डाचे फोल्डर आधी हवेत याची यादी लिहून द्या, आणि कॅमेऱ्याचं मॉडेलही सांगा. प्रोजेक्ट फाइल मात्र तुमच्याकडेच जपून ठेवा. परत आलेल्या फाइलींची मूळ नावं अनेकदा गेलेली असतात, म्हणजे नावाने रीलिंक होणार नाही. तेव्हा लाल क्लिपचा सुरुवातीचा टाइमकोड आणि लांबी बघून एकेक फाइल हाताने जुळवावी लागते, आणि ती माहिती प्रोजेक्ट फाइलमध्ये असते.